न्यूझीलंडचं दक्षिण बेट: भाड्याची गाडी, सासू-सासरे आणि हाताशी ठेवलेले रिकामे दिवस

“एवढ्या लांब जातोच आहोत तर दोन्ही बेटं उरकून घेऊ,” असं न्यूझीलंडचा विषय निघाला की घरात कोणीतरी म्हणतंच. आमच्याकडे ते नवऱ्याने म्हटलं. मी नकाशा पुढ्यात ठेवला आणि उत्तर बेट सरळ खोडलं. सोबत सत्तरीतले सासू-सासरे होते, सुट्टी अडीच आठवड्यांच्या आसपासची होती, आणि मुंबईहून तिकडे पोचण्यातच दीड दिवस जातो. दक्षिण बेट एकटंच नीट बघायला तेवढे दिवस लागतात. उत्तर बेट राहिलं याची आम्हा चौघांपैकी कोणालाही चुटपुट नाही.

आम्ही ठरवलेला मार्ग असा: क्राइस्टचर्चला उतरायचं, तिथून टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, ‘ते अनाउ’ नावाचं गाव, मिलफर्ड साउंड ही उंच कड्यांमधली समुद्राची खाडी, मग परत फिरून वानाका, हास्टमार्गे पश्चिम किनारा, होकिटिका, आणि आर्थर्स पास ओलांडून पुन्हा क्राइस्टचर्च. एक वर्तुळ पूर्ण होतं आणि गाडी घेतली तिथेच परत करता येते. दुसऱ्या गावी सोडायची तर बऱ्याच कंपन्या वेगळे पैसे लावतात.

जायचं कधी, यावर आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्यांची सावली असते. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर मला सगळ्यात बरा वाटला. तिथे वसंत संपत आलेला असतो, नाताळची गर्दी आणि भाव सुरू व्हायचे असतात, आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. मे महिन्यात तिथे हिवाळा तोंडावर येतो, दिवस आखूड होतात, आणि मिलफर्डच्या रस्त्यावर हिमस्खलनाचा धोका असेल तेव्हा चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. शाळेच्या वेळापत्रकात अडकलेले नसाल तर मार्चही चांगला.

विमान आणि व्हिसा थोडक्यात सांगते. भारतातून थेट विमान नाही. आम्ही सिंगापूरमार्गे गेलो. तिथून क्राइस्टचर्च साधारण दहा तास. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी एक गोष्ट बघून घ्या: भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूरला विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर लागत नाही. न्यूझीलंडचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. खर्चाची सोय दाखवताना माणशी महिन्याला हजार न्यूझीलंड डॉलर, आणि राहण्याचे पैसे आधी भरले असतील तर चारशे, असा हिशोब धरतात. ऑक्टोबर २०२४ पासून पर्यटकांवरचा कर माणशी १०० डॉलर झाला आहे, तो अर्जासोबतच भरला जातो. कागदपत्रं मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. सासऱ्यांचा जमिनीचा उतारा त्यासाठी भाषांतरकाराकडे दिला, त्यात आठवडा गेला. त्यामुळे अर्जाला दोन-अडीच महिने हाताशी ठेवा.

आता सामान. इथे जरा थांबते, कारण आपली माणसं इथेच अडकतात. न्यूझीलंडमध्ये बाहेरून येणारं बी, कीड, माती या गोष्टींची तपासणी फार कडक आहे. निघण्याआधी ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र भरायचं असतं आणि त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू सांगायची. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली की जागच्या जागी ४०० डॉलर दंड, मग ते विमानात दिलेलं आणि पर्समध्ये विसरलेलं सफरचंद का असेना. मध, तूप, मिठाई, कढीपत्ता, ताजी फळं, पेरता येतील अशा बिया घरीच ठेवा. कारखान्याच्या सीलबंद पाकिटातले मसाले, पापड, लोणचं आम्ही यादी करून नेलं.

बूट, तंबू, चालायची काठी यांनाही हाच नियम. बाबा, म्हणजे सासरे, दर रविवारी सिंहगड चढणारे. त्यांच्या बुटांच्या खाचांत वर्षभराची लाल माती होती. निघायच्या आदल्या दिवशी ते बाल्कनीत जुना टूथब्रश घेऊन बसले आणि एकेक खाच उकरून काढली. क्राइस्टचर्चला अधिकारीबाईंनी नेमके तेच बूट मागितले, उलटे करून दिव्याखाली धरले, मान डोलावली आणि परत दिले. मग मेतकुटाची पिशवी उघडली. “भाजलेल्या डाळींचं पीठ आहे, भातावर घेतो,” एवढं मी सांगितलं. त्यांनी चिमूटभर बोटांत चोळून बघितलं आणि जाऊ दिलं. घरगुती गोष्टीच्या बाबतीत निर्णय त्या त्या अधिकाऱ्याचा असतो, तेव्हा जीव लागलेलं काही नेऊ नका. आईंनी बाकीचा फराळ घरीच ठेवला होता, ते बरंच झालं.

गाडी चालवणं आपल्याला सोपं जातं. रस्ता डावीकडूनच, स्टिअरिंग उजवीकडेच, आणि महाराष्ट्राचं इंग्रजीतलं लायसन्स चालतं. गाडी ऑटोमॅटिक घ्या. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग ताशी १०० आहे, पण वळणांमुळे सरासरी सत्तरीच्या पुढे क्वचितच जाते. गूगल मॅप्स जी वेळ दाखवतं तीत फोटोचे, चहाचे आणि सासऱ्यांचे थांबे नसतात; मी प्रत्येक टप्प्याला दीडपट वेळ धरत होते. मागे गाड्या साचल्या की डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, हा तिथला शिष्टाचार आहे. ‘स्टॉप’ लिहिलंय तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, समोर चिटपाखरू नसलं तरी. हॉर्नला हात लावू नका.

एकपदरी पूल खूप आहेत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर. लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर समोरच्याला आधी सोडायचं. निळ्या चौकोनी पाटीवर आपला बाण मोठा आणि पांढरा असेल तर आधी जायचा हक्क आपला, तरीही समोर बघूनच. बाबांची सगळी नोकरी एसटीत झाली, त्यांना ही व्यवस्था इतकी आवडली की पुढे दर पुलाआधी “आपला लहान!” किंवा “आपला मोठा!” अशी आरोळी मागच्या सीटवरून येऊ लागली.

टेकापोला तळ्याकाठी १९३५ सालचं छोटं दगडी चर्च आहे. दुपारी तिथे बसमागून बस रिकामी होते, म्हणून सकाळी सातला जा. पाण्याचा तो दुधट निळा रंग हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठामुळे येतो, आणि शेजारचं पुकाकी तळं तर त्याहून निळं. किनाऱ्यावर जांभळे-गुलाबी ल्युपिनचे ताटवे असतात. फोटोत सुंदर दिसतात, पण ते बाहेरून आलेलं, नदीपात्रं गिळत चाललेलं तण आहे. रात्री आकाश बघायला विसरू नका. हा भाग २०१२ पासून राखीव अंधारक्षेत्र आहे. ढगांची शक्यता धरून टेकापो आणि माउंट कुक मिळून निदान तीन रात्री द्या.

औराकी, म्हणजेच माउंट कुक, ३,७२४ मीटरचा. एव्हरेस्टच्या आधी एडमंड हिलरींनी १९४८ मध्ये याच्या दक्षिण धारेवरून पहिली चढाई केली, आणि पुढे १९८५ ते १९८९ या काळात ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते. पायथ्याच्या गावात किराण्याचं धड दुकान नाही, भाजी-दूध ट्वायझेल या गावातच भरून घ्या. हुकर व्हॅलीची वाट प्रसिद्ध आहे. झुलत्या पुलांच्या कामासाठी ती मध्येच बंद असू शकते, म्हणून संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर आधी बघा. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी टास्मान हिमनदीचा देखावा उत्तम. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण अर्ध्या तासात वर पोचता येतं. आई तीनदा बसत, पण चढल्या.

क्वीन्सटाउनबद्दल फार लिहीत नाही. बंजीच्या उड्या मारायच्या असतील तर तिथे रमाल. आम्ही कपडे धुतले, थाळी जेवलो आणि निघालो.

मिलफर्डला मात्र क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येण्याचा प्रकार करू नका. दहा-बारा तास गाडीत जातात. ते अनाउला मुक्काम ठेवा, तिथून ११९ किलोमीटर. टाकी ते अनाउलाच पूर्ण भरा. पुढे पेट्रोलचा भरवसा नाही आणि फोनला रेंजही नाही. बोट सकाळची पहिली किंवा दुपारी उशिराची घ्या, मधल्या वेळात क्वीन्सटाउनच्या बसगाड्या येऊन आदळतात. वाटेत होमर बोगदा लागतो. १९५४ मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटरचा, आत ओबडधोबड खडक आणि चांगलाच उतार. तोंडाशी सिग्नलला थांबलो, तर एक किआ पोपट बॉनेटवर येऊन उभा राहिला. हिरवा, घारीएवढा, पंखाखाली नारिंगी. आमच्याकडे बघत त्याने वायपरचं रबर चोचीत धरलं आणि पद्धतशीर सोलायला घेतलं. काच वाजवली, तर एक पाऊल मागे सरला आणि दुसरा वायपर धरला. या पक्ष्यांना खायला घालू नका, आणि गाडी उभी करून जाताना काचा बंद ठेवा.

मिलफर्डला वर्षाला सहा-सात मीटर पाऊस पडतो. “पाऊस असेल तर काय दिसणार?” हा प्रश्न मला निघण्यापूर्वी बऱ्याच जणांनी विचारला. ताम्हिणी घाटात जुलैत गेलेल्या माणसाला याचं उत्तर ठाऊक असतं. कोरड्या दिवशी तिथे बारमाही धबधबे थोडेच दिसतात. पाऊस लागला की समुद्रातून उभ्या उठलेल्या त्या कड्यांवर शेकडो धारा सुटतात. आम्हाला अर्धा वेळ पाऊस मिळाला आणि शेवटी जवळजवळ १७०० मीटरचं मायटर शिखर दहा मिनिटं उघडं झालं. रेनकोट पँटसकट न्या, छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही. आणि सँडफ्लाय. डासाहून लहान, चावा मात्र आठवडाभर खाजवायला लावणारा. बोटीत त्रास नाही, धक्क्यावर पाय मोकळे करायला उभे राहिलात की झालंच. घोटे झाका.

वानाकाहून हास्टकडे निघायच्या सकाळी रस्ता दरड पडून बंद असल्याचं कळलं. हे तिथे नेहमीचं. एनझेडटीए या तिथल्या सरकारी रस्ते-वाहतूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर रोज सकाळी नाश्त्याआधी रस्त्यांची स्थिती बघायची सवय लावा. मी वेळापत्रकात दोन दिवस कुठेच न बांधता ठेवले होते आणि पुढची खोली रद्द करता येईल अशीच घेतली होती, त्यामुळे आम्ही वानाकाला आणखी एक रात्र राहून तळ्याकाठी चालत बसलो. त्याच मोटेलमधल्या एका कुटुंबाची दुसऱ्या दिवशी होकिटिकाची खोली आणि परवाचं विमान असं सगळं पक्कं होतं. त्यांना उलट फिरून पूर्वेकडून क्राइस्टचर्च गाठावं लागलं आणि पश्चिम किनारा राहिला तो राहिलाच.

पश्चिम किनाऱ्यावर फ्रांझ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या इतक्या आटल्या आहेत की दरीतून चालत जाऊन बर्फावर पाय ठेवण्याचे दिवस गेले. बर्फावर उतरायचं तर हेलिकॉप्टर, तेही ढग नसतील तर. पैसे परत मिळण्याची अट वाचून मगच बुकिंग करा, आणि मुक्कामाच्या पहिल्याच सकाळची वेळ घ्या, म्हणजे रद्द झालं तर दुसरी सकाळ हाताशी राहते. फॉक्सजवळच्या मॅथेसन तळ्याची फेरी मात्र फुकट आणि सपाट आहे. वारा उठायच्या आत गेलात तर पाण्यात औराकीचं प्रतिबिंब दिसतं.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेली मोटेलं घ्या. कॅम्परव्हॅन तरुणांना ठीक. ज्येष्ठांना रात्री ती चिंचोळी शिडी आणि तो चिमुकला संडास नको, शिवाय कुठेही गाडी लावून झोपता येत नाही, त्याचे नियम कडक झालेत. तांदूळ, डाळ क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानातून पहिल्याच दिवशी घेतली. छोटा कुकर घरून नेला होता. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, फक्त तिरक्या पिनांचा प्लग लागतो. नळाचं पाणी पिता येतं.

विमा आजारपणासह घ्या. अपघाताच्या इजेवर तिथली सरकारी योजना पर्यटकांनाही आधार देते, पण ताप, छातीत दुखणं यांचा खर्च आपलाच. गाडीच्या विम्यात काचेचा समावेश आहे ना, हे काउंटरवरच विचारा. खडीच्या रस्त्यांवर समोरच्या ट्रकचा दगड उडून काचेला टिकली पडणं तिथे फार होतं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. आणीबाणीचा नंबर १११.