काळजीच्या वहीचा उजवा रकाना

चिंता सतावत असेल तर ‘मनात येईल ते लिहून काढा’ असा सल्ला आता सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे माझे मत आहे. चिंतेने ग्रासलेले मन मुळातच एकच दळण पुन्हा पुन्हा दळत असते. हाती वही आली की तेच दळण कागदावर उतरते आणि पानेच्या पाने भरूनही जीव हलका होत नाही.

या सल्ल्याचे मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सॅन्ड्रा बील यांच्या १९८६ च्या अभ्यासात आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहून उठताना मुले अधिक खिन्न होती. मात्र प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. पण ते लेखन घडून गेलेल्या गोष्टींचे होते. काळजी असते ती अजून न घडलेल्या गोष्टींची, आणि तिच्यासाठी निराळी वही लागते.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सतत चिंता करण्याचा विकार असलेल्या व्यक्तींनी आपल्या काळज्या दहा दिवस टिपून ठेवल्या आणि महिनाभर त्या खऱ्या ठरतात का ते तपासले. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. मी जी वही ठेवते, ती याच पद्धतीची आहे. ‘जर्नल’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या, सुविचारांनी सजवलेल्या वह्यांची त्यासाठी काहीही गरज नाही. दोनशे पानी वहीत मधोमध रेघ ओढली की पुरते. डाव्या रकान्यात तारीख आणि काळजी लिहायची, उजवा कोरा सोडायचा.

अट एकच: काळजी पडताळून पाहता येईल अशा वाक्यात लिहायची. ‘ऑफिसात काहीतरी बिनसले आहे’ हे चालत नाही. साहेबांनी कारण न सांगता भेटायला बोलावले, तेव्हा मी लिहिले होते: ‘गुरुवारी चार वाजता साहेब मार्चअखेरच्या हिशेबातल्या फरकाबद्दल विचारतील आणि मला उत्तर देता येणार नाही.’ एवढे नेमके लिहिल्यावर हिशेब आधीच पाहून ठेवावा हे आपसूक सुचले. गुरुवारी उजव्या रकान्यात नोंद झाली: ‘सुट्ट्यांच्या वेळापत्रकासाठी बोलावले होते.’

ही वही मी संध्याकाळी, ठरल्या वेळी उघडते. काळजीला दिवसातली एक वेळ आणि एक जागा नेमून द्यावी, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच अभ्यासली होती. अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी मात्र ती वही नको; तेव्हा फक्त उद्याच्या कामांची यादी करावी. बेलर विद्यापीठाच्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली होती.

छातीत धडधड, घाम, आठवडेच्या आठवडे उडालेली झोप यांवर वही पुरी पडत नाही. तिथे डॉक्टरच हवेत. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

काही काळज्या खऱ्याही ठरतात, आणि माझ्या मते वहीचा खरा उपयोग तिथेच होतो. आईच्या तपासणीच्या वेळी मी डावीकडे लिहिले होते, ‘शनिवारी रिपोर्ट येईल, साखर वाढलेली असेल.’ काळजीची मजल तेवढीच होती. उजवीकडची नोंद मात्र पुढे गेली: ‘वाढलेली निघाली. गोळी बदलली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. घरी येताना आईने हट्टाने भाजी घेतली.’