तुम्ही विचारलंत म्हणून : होमिओपॅथीच्या गोळीत काही नसतं, तर मग गुण कसा येतो?

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी ठरलेला. मोल कन्सेप्ट आला, म्हणजे ठरावीक वजनाच्या पदार्थात रेणू किती ते मोजायचं गणित, आणि त्यातला ॲव्होगॅड्रोचा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, मॅडम मग होमिओपॅथीच्या गोळीत नक्की औषध किती असतं? आणि त्याचं उत्तर दिलं की दुसरा प्रश्न, जो पालकसभेत पालक विचारतात, सोसायटीतल्या काकू विचारतात, माझे थोरले दीर तर दर गणपतीत विचारतात, की काहीच नसेल तर मग आम्हाला गुण कसा येतो? आमच्या पोरीच्या चामखिळी थुजा या होमिओपॅथीच्या औषधाने गेल्या, ते काय खोटं?

खोटं नाहीये. चामखिळी होत्या, साबुदाण्यासारख्या गोळ्या घेतल्या, चामखिळी गेल्या, हे सगळं खरं. प्रश्न एवढाच आहे की गोळ्या घेतल्या नसत्या तर काय झालं असतं, आणि हे एका पोरीकडे बघून कोणालाच सांगता येत नाही, मला नाही, तुम्हाला नाही, डॉक्टरांनाही नाही.

आधी पहिल्या प्रश्नाचा हिशोब करूया, तो सोपा आहे. कोविडमध्ये घरोघरी वाटलेलं आर्सेनिकम अल्बम ३० आठवतंय ना, जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेच ते प्रतिबंधक म्हणून सुचवलं होतं. यातला ३० म्हणजे एकास शंभर असं पातळ करणं, तीस वेळा. म्हणजे मूळ पदार्थाचा एक भाग आणि बाकीचे १ वर ६० शून्यं इतके भाग. आता एक ग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइडमध्ये रेणू असतात साधारण ३ वर २१ शून्यं. भागाकार करून बघा, मी मुलांकडून करून घेते, एक रेणू मिळायला जे औषध लागेल त्याचं वजन होतं साडेपाच हजार कोटी पृथ्व्यांएवढं. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थ संपलेला असतो, पुढच्या अठरा पायऱ्या म्हणजे पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये तेच पाणी-अल्कोहोल. (मदर टिंक्चर, म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क, आणि अगदी खालच्या पोटेन्सी, म्हणजे थोड्याच पायऱ्या पातळ केलेली औषधं, याला अपवाद, त्यात पदार्थ खराच असतो आणि तो विषारी असेल तर बाधूही शकतो, म्हणून "होमिओपॅथी आहे ना, साइड इफेक्ट नाही" हे सरसकट धरून चालू नका.)

इथे होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्यावर राग काढणारे लोक मला आवडत नाहीत. त्याने १७९० मध्ये स्वतः सिंकोनाची, म्हणजे मलेरियावर देत त्या झाडाची, साल खाऊन बघितली, १८१० मध्ये ऑर्गेनॉन हा होमिओपॅथीचा मूळ ग्रंथ लिहिला आणि १८४३ मध्ये तो गेला, आणि रेणूंच्या आकाराचा आणि संख्येचा पहिला अंदाज आला १८६५ मध्ये, लोश्मिट या शास्त्रज्ञाकडून. म्हणजे आपलं औषध कुठल्या पायरीला संपतं हे कळायचा मार्गच त्याच्याकडे नव्हता. शिवाय त्या काळातली बाकीची डॉक्टरी काय होती, तर रक्त काढा, पारा द्या, जुलाब द्या. १८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्यात होमिओपॅथिक हॉस्पिटलात माणसं इतर हॉस्पिटलांपेक्षा कमी मेली, ही नोंद खरी आहे आणि होमिओपॅथीवाले ती आवर्जून सांगतात, पण त्याचं कारण बहुधा एवढंच की तिथे त्यांचं रक्त कोणी काढलं नाही. आपल्याकडे कलकत्त्याचे महेंद्रलाल सरकार, कलकत्ता मेडिकल कॉलेजचे एमडी, १८६७ मध्ये उघडपणे होमिओपॅथीकडे वळले, त्यासाठी त्यांनी समव्यावसायिकांचा बहिष्कार सोसला, आणि याच माणसाने १८७६ मध्ये जी विज्ञानसंस्था काढली तिथे पुढे रामन यांनी आपला शोध लावला. त्यामुळे होमिओपॅथी मानणारा तो अडाणी असं मी कधीच म्हणणार नाही. पण १८६७ मध्ये जे वाजवी होतं ते आजही वाजवी आहे का, हे नव्याने तपासायला नको?

आता कोणीतरी आयआयटी मुंबईचं नाव काढतंच, आणि ते रास्त आहे. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी सोनं, तांबं, जस्त वगैरे धातूंची बाजारातली औषधं तपासली आणि २०० पोटेन्सीतही, म्हणजे दोनशे वेळा पातळ करूनही, त्या धातूचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) सापडले असा पेपर लिहिला. त्यांचं स्पष्टीकरण असं की जोरात हलवताना कण बुडबुड्यांबरोबर वर तरंगतात आणि पुढच्या पायरीत तेच जातात, म्हणून हिशोबात दिसतं तितकं ते पातळ होतच नाही. मानलं, चला. पण पेपर नीट वाचा, त्यांच्याच म्हणण्यानुसार एका पायरीनंतर धातूचं प्रमाण कमी व्हायचं थांबतं, म्हणजे ६, ३० आणि २०० मध्ये ते जवळपास सारखंच. मग २०० जास्त ताकदीचं आणि ३० कमी, हे ज्यावर सगळी प्रॅक्टिस उभी आहे त्याचं काय झालं? आणि बाटलीत कण आहेत म्हणजे पोटातला आजार बरा होतो हे कुठे सिद्ध झालं, पिण्याच्या पाण्यातही तांब्याचे अंश असतातच. मला या पेपरचा आदर आहे, पण लोक त्यातून जे काढतात ते त्यात नाहीये.

हे सगळं बाजूला ठेवूनही मी म्हणते की गोळीत रेणू आहे की नाही यावर भांडायचीच गरज नाही. गुण येतो का ते थेट बघता येतं. होमिओपॅथीवाल्यांचा आक्षेप असतो की आमच्यात प्रत्येक पेशंटला औषध वेगळं, मग तुमची ट्रायल, म्हणजे औषधाची तुलना करून घेतलेली चाचणी, आम्हाला कशी लागू होईल? तर होते. डॉक्टरांनी तासभर बसून केस घ्यायची, स्वप्नं, भीती, थंडी सोसते का, गोड आवडतं का सगळं विचारायचं, हवं ते औषध लिहायचं, फक्त औषध देणाऱ्याने अर्ध्यांना ते द्यायचं आणि अर्ध्यांना साध्या गोळ्या, आणि कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही माहीत नसेल. अशा ट्रायल झाल्यात, आणि सर्वसाधारण चित्र असं की ट्रायल जितकी काटेकोर तितका औषध आणि साध्या गोळ्या यांतला फरक आटत जातो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरचे अभ्यास एकत्र पाहिले आणि एकाही आजारात विश्वास ठेवावा असा पुरावा नाही म्हणून सांगितलं. त्या पद्धतीवर होमिओपॅथीवाल्यांनी टीका केली, तेही खरं. फ्रान्सने २०२१ पासून सरकारी विम्यातून पैसे देणं बंद केलं.

मग गुण कसा येतो. मला या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो तो अभ्यास होमिओपॅथीचा नाहीच, दम्याचा आहे, २०११ चा, न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकातला, छोटासा, चाळीसेक रुग्णांचा. त्यांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: खरा इनहेलर, नकली इनहेलर, नकली ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही. नंतर विचारलं, किती बरं वाटलं? खऱ्या इनहेलरला ५० टक्के, नकलीला ४५, नकली सुयांना ४६, काहीच न दिल्यावर २१. म्हणजे पेशंटला खरं आणि नकली जवळजवळ सारखंच वाटलं! आणि मग श्वास मोजला. खऱ्या इनहेलरने तो २० टक्क्यांनी सुधारला, बाकी तिन्हींत ७ टक्क्यांच्या आसपास, नकली औषध दिलं काय आणि काही नाही दिलं काय, सारखंच.

हे मी दिरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण तुमचं उत्तर यातच आहे. कोणीतरी आपलं ऐकून घेतलं, काहीतरी दिलं, की बरं वाटतं, मनापासून वाटतं, ते नाटक नसतं. त्यात भर म्हणजे आपण औषध घ्यायला जातो ते त्रास सगळ्यात वाढलेला असताना, आणि ॲलर्जी, सांधे, खाज हे सगळं तसंही वर-खाली होत असतं, त्यामुळे पुढचा टप्पा बहुतेक वेळा उताराचाच असतो. लहान मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, बारीक मुतखडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. आणि त्रास वाढला तरी "आधी उफाळून येतं, मग शमतं" हे उत्तर तयार असतं, म्हणजे कमी झालं तरी औषध लागू, वाढलं तरी लागू. या एका गोष्टीचा मात्र मला खरंच राग येतो, कारण मग औषध चुकतंय हे कळणार कधी?

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला दमा आहे. त्याचं इनहेलर "सवय लागते, स्टिरॉइड आहे, मुळापासून बरं करू" म्हणून बंद करायला लावलं होतं. घरचे सांगायचे, खूप फरक आहे, आणि मुलगाही म्हणायचा मला बरं वाटतं, आणि एका रात्री त्याला बोलता येईना, ओठ निळे, थेट आयसीयू. तो वाचला. पण बरं वाटणं आणि फुफ्फुसात हवा जाणं यातला फरक मी तेव्हापासून कुठेही, कोणालाही सांगत असते, विचारलं नाही तरी.

बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या, डॉक्टरांबद्दल म्हणाल तर माझं भांडण त्यांच्याशी नाही. ते ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, पॅथॉलॉजी शिकतात, आमच्याकडच्या कितीतरी गावात रात्री दार उघडणारा तोच एक डॉक्टर असतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा बदलून वर्षभराचा फार्माकॉलॉजीचा (औषधशास्त्राचा) कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट उघडली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संपही केला. एक वर्ष पुरतं का, हा प्रश्न योग्यच आहे, पण मला त्यात दिसतं ते वेगळंच: गावात न्यूमोनियाचा पेशंट आला की लागतं अँटिबायोटिक, आणि ते लिहिता यावं म्हणून एवढी लढाई चाललीय. दुसरीकडे एमबीबीएस-एमडींनी तीन मिनिटांत पेशंट उठवायचं थांबवलं, दहा मिनिटं नीट ऐकलं, तर निम्मे लोक दुसरीकडे जाणारच नाहीत असं माझं ठाम मत आहे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सर्दी, किरकोळ खाज, प्रवासात मळमळ, यासाठी गोळ्या घ्यायच्या तर घ्या, मी अडवणार नाही. इन्सुलिन, थायरॉइडची गोळी, फिट्सचं औषध, टीबीचा कोर्स, मुलांच्या लसी आणि इनहेलर, यातलं काहीही गोळ्यांसाठी थांबवायचं नाही. आणि तुमच्या होमिओपॅथी डॉक्टर खूप चांगल्या आहेत म्हणता ना, तर पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांनाच विचारा, हे चालू असताना माझी आधीची औषधं तशीच चालू ठेवू ना? हो म्हणाल्या तर खुशाल बसा. बंद करा म्हणाल्या तर तिथून उठा आणि ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली होती त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.