आलास

"थांब, थांब. 'आलास' म्हटलास की रे," काचेपलीकडनं काकांचा आवाज हेडफोनमध्ये आला. "'आलीस' म्हण. परत घेऊ."

"काका, आलासच आहे ते."

शहापुरातला हा स्टुडिओ म्हणजे माडीवरची एक खोली. माझी पहिली भजनं काकांनीच इथं रेकॉर्ड केली. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत गेलो, तेव्हा गल्लीत माझा फलक त्यांनीच लावला. स्पर्धा संपल्यावर एका मुलाखतीत मी समलिंगी आहे हे सांगून टाकलं. त्या वर्षीच्या गणपतीत अकरा सुपाऱ्या आधीच घेतल्या होत्या. पुढच्या वर्षी तीन आल्या. त्यातही एका मंडळाची अट, निवेदनात 'तसलं' काही नको. टीव्हीवरचा चेहरा एरवीही फार टिकत नाही, नवा सीझन आला की मंडळांना नवी पोरं लागतात. दुसऱ्यांची गाणी गाऊन यूट्यूबवर टाकली तर कॉपीराइटचा क्लेम लागतो, पैसे मूळ कंपनीला जातात. म्हणून हे स्वतःचं गाणं, माझ्या माणसासाठी लिहिलेलं.

अमेरिकन आयडॉलमध्ये २००९ साली दुसरा आलेला अ‍ॅडम लॅम्बर्ट मी समलिंगी आहे हे उघड सांगून गात राहिला, आणि २०१२ मध्ये त्याचा अल्बम तिकडच्या यादीत पहिला आला. त्याचं मला फार बळ वाटतं. पण इंग्रजीतल्या 'यू'ला लिंग नाही. मराठीत क्रियापदच सगळं सांगून टाकतं. इथं लपायचं तर प्रत्येक ओळीत खोटं बोलावं लागतं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्ञानोबांची विरहिणी आम्ही बापेच म्हणतो की. कोण काय म्हणत नाही."

"तिथं तुम्ही बाई होऊन म्हणता, काका. मला पुरुष म्हणूनच म्हणायचंय."

त्यांनी मान हलवली. "दोन्ही म्हणून दाखव बघू."

ध्रुवपद तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर थांबतं, चार मात्रा. 'आलीस'ची ई तिथं धरली की जबडा मिटतो, गळा आवळतो, सूर बारीक होतो. 'आलास'चा आ मात्र छातीतनं उघडा येतो. काकांनी दोन्ही टेक स्पीकरवर लावले, डोळे मिटून ऐकले. दुसरा परत लावला.

"ई दाबून यायलीय," ते म्हणाले. "आकार भरीव हाय. पैसे घालणाऱ्यांना सांगितलायस?"

नव्हतं सांगितलं. ते गृहस्थ खानापूरचे, माझ्या आवाजावर मनापासून जीव असलेले. तिथनंच फोन लावला. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "गाणं छानच आहे. पण एवढा एक शब्द बदल. मला गावात राहायचंय रे."

"मलापण इथंच राहायचंय," मी म्हटलं.

आगाऊ दिलेले पंधरा हजार मी माडीच्या पायरीवर बसून फोनवरनंच परत पाठवले. हात थरथरत होता, दोनदा पिन चुकला. खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. खात्यात चार हजार उरले, त्यात काकांचे तासाचे पैसे द्यायचे होते.

आत आलो तर त्यांनी 'आलीस'चा टेक पुसून टाकला होता. फाइलला नाव दिलं होतं, आलास.

"पैशाचं मागनं बघू," हेडफोन माझ्या हातात देत ते म्हणाले. "पाणी पी. अंतरा राहिलाय."