दानपेटीवर काय लिहिलंय, ते आधी बघा

देवाच्या पैशाला कर लागत नाही, असं गावोगावचे विश्वस्त बिनधास्त सांगतात. लागतो. त्यासाठी पुढे केलं जाणारं घटनेचं कलम २७ इतकंच म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनावर खर्च करण्यासाठी म्हणून कुणाला कर भरायला लावता येणार नाही. करमाफी हा वेगळा विषय. ती आयकर कायदा देतो आणि देताना 'धार्मिक' (पूजा, उत्सव) व 'धर्मादाय' (शाळा, दवाखाना अशी लोकोपयोगी कामं) यांत रेघ ओढतो.

धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदणी झाली म्हणजे आयकर माफ झाला, असं होत नाही. आयकराची नोंदणी (१२एबी) वेगळी. ती घेतल्यावर ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर खर्ची पडावं लागतं, आणि एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च त्यात धरला जात नाही. मांडववाल्याचं बिल नेमकं इथेच अडकतं. (कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्याचे, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा असल्याने ते बदलले आहेत.)

आता दानपेटी. देणाऱ्याचं नाव आणि पत्ता नोंदलेला नसेल तर ते निनावी दान. पावतीवर 'एक भक्त' किंवा 'गुप्तदान' लिहिलंत तरी ते निनावीच. निव्वळ धार्मिक संस्थेला त्यावर कर नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामं करणाऱ्या संस्थेलाही नाही. पण पेटीवर 'रुग्णालयासाठी' किंवा 'शाळेसाठी' अशी चिठ्ठी चिकटवलीत, की त्या पेटीतली रक्कम कराच्या कक्षेत आली. समजा, वर्षभराच्या एकूण देणग्या ४० लाख आणि रुग्णालयाच्या पेटीत ६ लाख जमले. एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख, यांतली मोठी रक्कम सुटते, म्हणजे इथे २ लाख. उरलेल्या ४ लाखांवर ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, वर उपकर. चिठ्ठी महागात पडते ती अशी.

शिर्डीच्या संस्थानाचा वाद याच मुद्द्यावर होता. संस्थान केवळ धर्मादाय आहे, म्हणून निनावी दानावर कर द्या, हे आयकर खात्याचं म्हणणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थान दोन्ही प्रकारचं असल्याचं मान्य केलं आणि सूट कायम ठेवली. गंमत म्हणजे नव्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात अशा दुहेरी संस्थांची सूट गळाली होती. संसदेच्या निवड समितीने बोट ठेवल्यावर ती परत आली.

८०जीचं गणित मात्र उलटं आहे. आयकर कायद्याच्या या कलमाची सवलत, म्हणजे दिलेल्या देणगीवरची वजावट, देणगीदाराला मिळते आणि ती मिळावी म्हणून संस्थेचा धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा लागतो. उत्पन्न ५० लाख असेल तर पूजा, नैवेद्य, उत्सव सगळं अडीच लाखांत. नांदत्या देवस्थानाला हे जमत नाही. त्यापेक्षा शाळा-दवाखान्यासाठी स्वतंत्र न्यास काढावा आणि ८०जी त्याच्या नावावर घ्यावं, हे माझं मत. मग पावतीपुस्तकं आणि बँक खातीही वेगळीच हवीत. देवळाच्या पावतीवर न्यासाचा ८०जी क्रमांक छापणं चालणार नाही. आणि २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने दिली, तर पावती कितीही चोख असो, देणगीदाराला वजावट मिळत नाही.