मराठीला अ-२, पण पावती वाचता येईना

दिवाळीत ताईकडे गेलो होतो, अमळनेर तालुक्यात. कापूस नुकताच विकलेला, व्यापाऱ्याची पावती टीव्हीजवळ पडलेली. भाचा सहावीला, झेडपीच्या शाळेत. त्याला म्हटलं बघ रे, ३ क्विंटल ४० किलो कापूस, ७,००० चा भाव, पैसे किती झाले? त्याने वहीत ३ च्या खाली ४० लिहिले आणि बेरीज केली, ४३. म्हटलं राहू दे, पावतीवर काय लिहिलंय ते तरी वाच, तर एकेक अक्षर लावत बसला, जोडाक्षर आलं की अडकायचा, शेवटी खाली बघत म्हणाला, "मामा, माले वाचता येत नई."

ताईचा विश्वासच बसेना कारण प्रगतीपुस्तकात मराठीला अ-२ आहे, म्हणजे ८१ ते ९० टक्के! "सर त सांगतस पोऱ्या हुशार शे." हुशार आहेच तो, ठिबकची नळी कुठे चोकअप झाली ते घरात सगळ्यांच्या आधी त्याला सापडतं. म्हणून तर जास्त राग येतो.

२०१० पासून आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, ते मला पटतंच, नापासाच्या शिक्क्याने आमच्या वर्गातली किती पोरं शाळा सोडून कापूस वेचायला गेली. पण नापास करू नका म्हणजे शिकवू नका असं कुठे लिहिलंय? आता पाचवीला आणि आठवीला परत परीक्षा आली, नापास झाला तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. भाचा पाचवी पहिल्या झटक्यात पास झालाय. पेपर कोणी लिहिला देव जाणे.

सरांवर सगळं ढकलणार नाही मी. सात वर्ग, शिक्षक चार, त्यात मतदार यादी, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब. आणि पोरं घरी अहिराणी बोलतात, पहिलीत "माले" चं "मला" करायलाच वेळ लागतो, तिथेच थोडं थांबून, त्यांच्या बोलीतून हात धरून आणायला हवं. ते राहिलं की पुढे फक्त वर्ग वाढतो. पण मग खरं सांगा ना आईबापाला! श्रेणी खोटी कशाला देता?

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात, कायदाच आहे तसा. दाजी दोन वर्षं त्यात आहेत, आजवर नुसत्या सह्या केल्या. पुढच्या बैठकीला ताई स्वतः जाणार आहे, पावती आणि प्रगतीपुस्तक दोन्ही घेऊन.