तंगुसाचं टोक

उमेदीची सगळी वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवली. दुकानातले तराजू, गोदामातले पाय ठेवायच्या फळीचे काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले काटे. शून्य शून्यावर आणायचं आणि पुढच्याला द्यायचं, एवढंच काम. त्यामुळे कुणी दोन्ही हात पसरून ‘एवढा होता’ म्हणालं की मला आतून खाज सुटते. आणि नशीब बघा, छंद लागला तो गळ टाकायचा.

आम्ही पाचजण आहोत. पाण्याशी बसलो की पहिला तासभर कुणी बोलत नाही. मग कुणाचा तरी गळ रिकामा येतो, कुणीतरी उसासा टाकतं, आणि सुटलेल्या माशांची गोष्ट सुरू होते. मेल्या म्हशीला मणभर दूध. एवढ्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलंय. हातात आलेल्या माशाचं वजन माणूस पावकिलोत सांगतो. पावणेदोन, सव्वातीन, ‘अडीचला थोडा कमी’. सुटलेला मासा मात्र कायम दहा, बारा नाहीतर पंधरा. पावणेबारा किलोंचा मासा आजवर कुणाचा सुटलेला मी ऐकला नाही.

यात सगळी थापेबाजी असते असं नाही, हेही सांगायला हवं. पाण्यात वरून पाहिलं तर मीटरभर खोल असलेला मासा पाऊण मीटरवर असल्यासारखा दिसतो. जवळ दिसतो म्हणून मोठा दिसतो. त्यात मासा पाण्यात जवळजवळ बिनवजनाचा असतो. हाताला लागते ती त्याची ओढ, आणि आपण ती ओढच किलोत मोजून बसतो. शिवाय हात पसरणाऱ्याला घनाचा हिशेब ठाऊक नसतो. मासा त्याच घडणीचा धरला आणि लांबी दीडपट सांगितली, तर वजन सव्वातीनपटीच्याही पुढे जातं. म्हणजे कोपरं जराशी सैल सोडली की तीन किलोंचा मासा दहा किलोंचा होतो. फार मेहनत लागत नाही.

मला आवडतात ते दुसऱ्या टोकाचे लोक. अमेरिकेतल्या जॉर्जियात 1932 साली जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्यानं मॉन्टगोमेरी तलावात लार्जमाउथ बास पकडला. टपाल कचेरीतल्या काट्यावर तो मासा 22 पौंड 4 औंस भरला, म्हणजे साधारण 10 किलो. नोंद झाली आणि पेरीनं मासा घरी नेऊन खाल्ला. पुढे 77 वर्षं तो विक्रम कुणी गाठला नाही. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी एक बास काढला. तो पेरीच्या माशापेक्षा औंसभरसुद्धा नाही, पण किंचित जास्त भरला. गळानं धरलेल्या माशांचे विक्रम नोंदवणाऱ्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचा नियम असा की 25 पौंडांखालच्या माशानं जुना विक्रम निदान 2 औंसांनी ओलांडला पाहिजे. ओलांडला नाही, म्हणून बरोबरी. दोघांची नावं शेजारीशेजारी आहेत. हे वाचलं त्या दिवशी माझं दुकान सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

याच संस्थेचा आणखी एक नियम आहे. विक्रमाचा अर्ज करायचा तर माशाच्या फोटोबरोबर तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, तुकडाही पाठवावा लागतो. मासा काहीही सांगो, तंगूस वेगळं सांगू शकतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. माझ्याकडेही असा एक तुकडा आहे, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. पितळी वजनांच्या लाकडी पेटीत 2 ग्रॅमची खाच कधीची रिकामी आहे, वजन हरवलं. तिथे तो पडून असतो.

त्या पहाटेला 19 वर्षं झाली. मी आणि दादा दोघंच होतो. उजाडायच्या आत माझा गळ पाण्यातल्या मुळीत अडकून तुटला होता आणि मी नवा बांधायला बसलो. गाठ नेहमीचीच. गळाच्या डोळ्यातून तंगूस ओवायचा, त्याच्याच अंगावर पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फाशातून काढायचं, थुंकी लावायची आणि हळू आवळायचं. थुंकी लावायची ती यासाठी की कोरडा नायलॉन आवळताना स्वतःवरच घासून तापतो, तिथेच कमजोर होतो, आणि वेढेही नीट बसत नाहीत. हे मला दादानंच शिकवलं होतं. पण विजेरी माझ्या दातांत होती. दादा तिकडून सारखा म्हणत होता, ‘टाक लवकर, पाणी हललंय.’ मी तीन वेढे दिले, कोरडेच आवळले, गांडूळ लावलं आणि टाकला.

थोड्या वेळानं बूच आडवं झालं. बुडालं नाही, आडवं झालं. म्हणजे कुणीतरी खालून आमिष उचललं आणि शिशाचा भार बुचावरून गेला. मग ते शांतपणे बाजूला सरकलं आणि दिसेनासं झालं. मी काठी उचलली आणि रीळ किरकिरायला लागलं.

पहिली धाव मी अजून झोपेत मोजतो. तंगूस जात होता, जात होता, रिळावरचा घेर बारीक होत होता. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ तंगूस सोडू लागेल तो ब्रेक, मी अडीच किलोंवर ठेवला होता. तंगूस आठ किलोंची ओढ सोसणारा. साधारण एक तृतीयांशाच्या आत ठेवायचा असा रिवाज. पण रीळ रिकामं होत जाईल तशी ब्रेकची तीच चकती जास्त जोर मागते. घेर निम्मा झाला की तंगुसावरची ओढ दुप्पट. अनेक मोठे मासे इथेच तोडून जातात आणि माणसाला वाटतं, आपण तर कशालाच हात लावला नव्हता. माझा गेला नाही. निम्म्याच्या बराच अलीकडे तो थांबला, वळला, आणि मी गोळा करायला लागलो. वीस मिनिटं चाललं असेल. दादाच्या हिशेबानं पाऊण तास.

काठाजवळ त्याची पाठ एकदाच दिसली. काळपट, रुंद. कोणता मासा होता ते मला आजही सांगता येणार नाही. पहिली काही वर्षं तो रोहू होता, मग कटला झाला, आणि एका वर्षी दादानं त्याला महसीर केलं तेव्हा मी उठून लांब जाऊन बसलो.

दादा गुडघाभर पाण्यात जाळी घेऊन उभा होता. खरं तर जाळी आधीच बुडवून स्थिर धरायची आणि मासा तिच्यावर ओढून आणायचा. मासा वळला, दादा पुढे सरसावला, त्यानं जाळी शेपटीकडून मारली. जाळीच्या कड्याला तंगूस लागला. काठी सरळ झाली.

आवाज काही झाला नाही. लोक सांगतात ताडकन तुटला वगैरे. मी तरी काही ऐकलं नाही. पाण्यावर एक गोल उमटला आणि पसरत गेला. दादा तसाच वाकलेला होता. मग म्हणाला, ‘माझ्यामुळे गेला रे. कड्याला लागला.’

मी तंगूस गुंडाळत होतो. टोक हातात आलं तेव्हा उजाडलं होतं. गळ टाकणाऱ्याला टोक वाचता येतं. दातानं कापलं असेल तर स्वच्छ कापलेलं असतं. दगडावर घासलं असेल तर वरचा बराचसा भाग पांढरट आणि खरखरीत लागतो. गाठ सुटली असेल तर टोक डुकराच्या शेपटासारखं वळलेलं असतं, कारण वेढ्यांची वळणं नायलॉनमध्ये राहून जातात. माझ्या हातात डुकराचं शेपूट होतं, तीन वळणांचं. वर कुठे ओरखडासुद्धा नाही.

मी मूठ मिटली. तेवढं टोक तोडून शर्टाच्या खिशात टाकलं आणि म्हणालो, ‘असू दे दादा, होतं असं.’

हे वाक्य मी किती उदारपणे म्हणालो होतो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. त्याला वाचवायचं म्हणून मी गप्प राहिलो नव्हतो. त्यानं आधी कबूल केलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, बस. संध्याकाळपर्यंत सांगू, असं ठरवलं. मग पुढच्या रविवारी. मग त्यानं ती गोष्ट चौघांत सांगितली आणि सांगायची वेळच निघून गेली.

दादा ती गोष्ट फार छान सांगतो. स्वतःला शिव्या घालून सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला खोटी वाटत नाही. पण त्या दिवसानंतर त्यानं जाळी हातात धरली नाही. कुणाचा मासा काठाशी आला की तो मागे सरकतो. ‘मला नको, माझा हात वाईट आहे.’ पोरंटोरं हसतात. मी हसत नाही. काठाशी मासा सुटणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे. तंगूस आखूड उरलेला असतो, नायलॉनचा लवचिकपणा संपत आलेला असतो, माशाच्या तोंडात गळानं पडलेलं भोक ओढून ओढून मोठं झालेलं असतं, आणि मासा जाळी पाहून शेवटचा हिसका देतो. दोष मात्र जाळीवाल्याच्या डोक्यावर बसतो, कारण तोच तिथे उभा असतो.

मागच्या महिन्यात पेटी साफ करत होतो आणि दादा आला. मी काही ठरवलं नव्हतं. खाचेतला तुकडा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानं चष्मा लावला. उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं.

‘हा त्याचा?’

‘हो.’

‘वेढे किती दिले होतेस?’

‘तीन.’

‘थुंकी?’

‘विजेरी होती तोंडात.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. शिवी येईल म्हणून मी वाट बघत होतो, आली असती तर बरं झालं असतं. तो मनात कसलातरी हिशेब करत होता. ओठ हलत होते.

‘ड्रॅग अडीच होता ना?’

‘अडीच.’

‘म्हणजे आठ किलोंचा तंगूस तुटलाच नाही.’

‘नाही.’

‘तीन कोरड्या वेढ्यांना काय, चार किलोंचा मासासुद्धा पुरला असता.’

‘पुरला असता,’ मी म्हणालो.

दादानं तुकडा परत खाचेत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, वर हात ठेवून बसला. त्याचा चेहरा पडला होता. एकोणीस वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस असा दिसतो का, मला कळेना. मग माझ्या लक्षात आलं की ओझं वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याचा मासा लहान झाला होता.

‘कड्याला लागला होता,’ तो म्हणाला. ‘मी होतो तिथे. तुला काय दिसणार, तू काठीकडे बघत होतास.’

गेल्या रविवारी आमच्यात एक नवा मुलगा आला होता. तासभर शांतता झाली, कुणाचा तरी गळ रिकामा आला, आणि दादानं सुरू केलं. विजेरी, पहाट, पाऊण तास. ‘आठ किलोंचा तंगूस,’ तो माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, ‘आठ किलोंचा. कड्याला लागला आणि ताडकन तुटला.’

‘केवढा असेल?’ मुलानं विचारलं.

‘याला विचार,’ दादा म्हणाला. ‘हा काट्यांचा माणूस आहे.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधी पाण्याकडे बघितलं, मग दादाकडे.

‘पावणेबारा,’ मी म्हणालो.