जांभळा रंग गेला, पण नेमका कशाने?

त्या सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढून उजेडात धरली तर जिवाणूंच्या जांभळ्या थरात वेलच्या, म्हणजे द्रव भरायच्या छोट्या खळग्याच्या, भोवती दुधी कडं होतं. दुधी, पारदर्शक नाही. बाहेरच्या माणसाला हा फरक पटकन कळत नाही पण आमचं सगळं त्यावरच अडलेलं असतं. कडं पारदर्शक असेल तर तिथे जिवाणू वाढलेच नाहीत, म्हणजे साधं मारण्याचंच काम झालं. दुधी असेल तर जिवाणू वाढलेत, फक्त रंग बनवत नाहीयेत.

रंगाचं एवढं का, ते सांगते. जिवाणू एकमेकांशी रेणूंनी बोलतात. प्रत्येकजण थोडाथोडा सोडत राहतो, गर्दी वाढली की तो रेणू साठतो आणि एका पातळीनंतर सगळे एकदम वागणं बदलतात, कुणी विष सोडतं, कुणी बायोफिल्मचा चिकट थर बांधतं ज्याच्या आत औषध नीट काम करत नाही. समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमध्ये हे १९७० मध्ये नीट मांडलं गेलं, कोरम सेन्सिंग हे नाव आलं १९९४ मध्ये. आमच्या प्लेटवरचा सीव्ही ०२६ हा क्रोमोबॅक्टेरियमचा बदललेला प्रकार, त्याला स्वतःचा रेणू बनवता येत नाही, बाहेरून दिला की जांभळा होतो. म्हणून तो आमचा कान. आणि वेलमध्ये होता आंबवलेल्या पदार्थातल्या प्लँटारम जिवाणूचा फिल्टर केलेला सुपरनेटंट, म्हणजे तो ज्यात वाढला ते द्रव, पेशी एकही नाही. त्यातलं काही हा जिवाणूंचा संवाद तोडतं का, हे बघायचं होतं.

सर खूश झाले, लगेच म्हणाले, "फोटो काढ, स्लाइडमध्ये टाकू." मी म्हटलं, सर, बाजूची वेल बघा. तिथे मी नुसता न वापरलेला एमआरएस मीडिया, म्हणजे प्लँटारम ज्यात वाढवतो ते पोषक द्रव, लॅक्टिक अ‍ॅसिडने पीएच ४ ला आणून भरला होता. तिथेही दुधी कडं, जवळजवळ तेवढंच. म्हणजे आम्लाने बेजार झालेला जिवाणू रंग बनवत नाही एवढंच आम्ही दाखवलं होतं. सर म्हणाले, "अगं, आम्लही प्लँटारमनेच बनवलंय ना?" बनवलंय, खरंय, पण मग त्याला संवाद तोडणं म्हणायचं नाही. या विषयावर वाचताना पीएच सारखा केलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, शोधावा लागतो तेव्हा मला खरंच राग येतो, कारण प्रोबायोटिक म्हटलं की लोक आधीच विश्वास ठेवून बसलेले असतात.

मग सुपरनेटंट पीएच ६.५ ला आणला. हे काम मी ज्युनिअरला देत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब जास्त पडून पीएच ८ च्या वर गेला आणि तसाच वापरला तर त्या संवादाच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं अणूंचं वलय अल्कलीनेच उघडतं, रंग जातो, आणि आपण समजतो प्लँटारमने केलं. ६.५ ला कडं अगदी पुसट राहिलं. पण राहिलं.

तोच ६.५ चा सुपरनेटंट स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूच्या बायोफिल्मवर लावला. ९६ वेलची प्लेट, आणि चिकटलेला थर रंगवायला क्रिस्टल व्हायोलेट. धुताना पिपेटची धार मारायची नाही, अख्खी प्लेट पाण्याच्या टबात बुडवून झटकायची, नाहीतर थर आपणच सोलतो. तीस टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये रंग विरघळवून ५५० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं तर बायोफिल्म निम्म्यावर, आणि रंगवण्याआधी घेतलेला वाढीचा ओडी, म्हणजे द्रवाचा गढूळपणा, मात्र कंट्रोलएवढाच. मला हातपाय थरथरल्यासारखं झालं.

आणि मग शेवटची रांग वाचली. तिथे न आंबवलेला एमआरएस होता, त्याच प्रमाणात, त्याच पीएचला. त्यानेही बायोफिल्म बरीच खाली आणली होती. एमआरएसमध्ये लिटरला ग्रॅमभर ट्वीन ८० हे साबणासारखं रसायन असतं आणि ट्वीन ८० एकटं स्यूडोमोनासचा बायोफिल्म अडवू शकतं, हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी आम्ही याआधी सहा महिने बायोफिल्मच्या कंट्रोलला नुसतं पाणी घालत होतो. हे माझंच चुकलं, सरांचं नाही.

दोन्ही रांगांत थोडा फरक उरला, सुपरनेटंटची रांग थोडी आणखी खाली. तीनदा केलं, तीनदा तोच फरक त्याच बाजूला. ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, मग आपला जिवाणू काही करतो की नाही?" मी म्हटलं, करतो असं वाटतं, पण किती ते मीडियाने झाकून ठेवलंय.

आता ट्वीन काढून मीडिया बनवलाय. त्यात प्लँटारम फार हळू वाढतोय, १८ तासांत जे व्हायचं त्याला दोन दिवस लागतायत. वाढला की त्याचा ६.५ चा सुपरनेटंट शुद्ध रेणूबरोबर रात्रभर ठेवणार, मग कानाला ऐकवणार, आणि रंग आला नाही तर त्याच मिश्रणाला आम्ल देऊन परत बघणार, कारण लॅक्टोनेझने, म्हणजे लॅक्टोन उघडणाऱ्या एन्झाइमने, फक्त वलय उघडलं असेल तर आम्लात ते पुन्हा मिटतं आणि परत ६.५ ला आणून दिलं की जांभळा परत येतो. सरांच्या स्लाइडमध्ये तो फोटो अजून आहे. खाली मी अ‍ॅसिडच्या वेलचा फोटो जोडून दिलाय, तो काढू देणार नाही असं त्यांना सांगितलंय.